शब्दचर्चा : ‘विश्वासू मंडळी’ म्हणजे कशी मंडळी?

प्रश्न

सलाम. नोकरीसाठी नगरहून पुण्याला आले आहे. बाबा दर फोनला सांगतात, “एखादी विश्वासू मंडळी बघ आणि तिथे सभासद हो.” मंडळी म्हणजे त्यांच्या मनात चर्च. पण हे ऐकून माझ्या रूममेटला वाटलं, मी भरवशाची माणसं शोधते आहे. ती ख्रिस्ती नाही, पण मराठी तिचं माझ्याहून चांगलं आहे. मग बाबांचा शब्द बरोबर आहे का? ‘एकनिष्ठ’ म्हणावं की ‘विश्वासी’?

सोलापूरकर

रूममेटची चूक नाही. ‘घरची मंडळी’, ‘या मंडळी’ हाच मंडळीचा रोजचा अर्थ. पण नियमांनी बांधलेली संस्था असाही अर्थ जुना आहे. १८८० ची किर्लोस्कर नाटक मंडळी आठवा. नाटक मंडळ्या होत्या तशाच बायबलात प्रकटीकरणाच्या सुरुवातीला आशियातल्या सात मंडळ्या आहेत. ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ यातही इमारत नाही, माणसंच आहेत. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’चा अर्थ बोलावून जमवलेली सभा.

वसईकर

आमच्याकडे हे वाक्य कोणी म्हणणार नाही. कॅथोलिक माणूस राहतो त्या भागाचा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) तोच त्याचा. घर बदललं की धर्मग्राम बदलतो, निवडायचा प्रश्न फारसा येत नाही. इमारतीला चर्च म्हणतो, जुनी माणसं देऊळ म्हणतात. गोव्यातली इगर्ज पोर्तुगीजमधून आली, म्हणजे फिरून त्याच एक्लेसियावर.

जुना सभासद

ताई, बाबांचा शब्द नेमका आहे. तो बदलू नका.

आधी ‘विश्वासी’. हा हिंदीतून आला आणि नव्या फेलोशिपांमध्ये रुजला. त्याचा अर्थ विश्वास ठेवणारा. आपल्या बायबलात त्याला ‘विश्वास ठेवणारा’ किंवा ‘विश्वासणारा’ म्हणतात. ‘विश्वासू’ची दिशा उलटी आहे. श्रद्धाळू माणूस श्रद्धा ठेवतो, पण विश्वासू माणसावर दुसरा कोणी विश्वास टाकलेला असतो. ग्रीक ‘पिस्तोस’ एकटाच या दोन्ही अर्थांनी येतो, मराठीत मात्र दोन शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळे राहिलेले बरे.

आता खरी गोष्ट. विश्वासू माणूस नेहमी कोणाचा तरी विश्वासू असतो. मालकाचा विश्वासू नोकर, राजाचा विश्वासू सरदार. मग मंडळी कोणाची विश्वासू? तुमची नव्हे, माझीही नव्हे. ती ख्रिस्ताची. बायबलातल्या करिंथकरांच्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, कारभारी विश्वासू असला पाहिजे. कारभाऱ्याच्या हातात असतं ते सगळं धन्याचं. हा धनी नजरेआड झाला की ‘विश्वासू मंडळी’चा अर्थ घसरत घसरत ‘मला बरं वाटतं ती मंडळी’ असा होतो. मग लोक आपल्या गावचे कोण, नात्यातले कोण, वाद्यवृंद कोणाचा चांगला, यावर मंडळी ठरवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण असे लोक पहिल्या भांडणात मंडळी सोडतात.

‘एकनिष्ठ’ही चुकीचा नाही. मंडळी ही ख्रिस्ताची वधू, या दृष्टीने तो शोभतो. पण सोपवलेलं सांभाळायचं हा अर्थ त्यात येत नाही.

सांभाळायचं काय, याचं उत्तर जुनं आहे. १५३० च्या ऑग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे ल्यूथरन लोकांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, दोन गोष्टी आहेत : सुवार्ता शुद्ध शिकवली जावी आणि संस्कार (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन) योग्य रीतीने दिले जावेत. १५६१ च्या बेल्जिक कबुलीने, म्हणजे रिफॉर्म्ड लोकांच्या जाहीरनाम्याने, तिसरी घातली, मंडळीची शिस्त. तेव्हा उपदेशाला बायबल उघडं ठेवून बसा. वाचलेला उताराच उलगडला जातो आहे, की एक वचन घेऊन पाळकसाहेब दुसरीकडेच निघाले? बिरुया गावचे लोक खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात रोज पडताळून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये १७ व्या अध्यायात त्यांची स्तुतीच करतं. प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षणाला वेळ देतात का? वार्षिक सभेत अर्पणाचा हिशेब वाचून दाखवतात का? सभासदाने उघड अन्याय केला तर मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, त्याच्याशी बोलतात का, की तो मोठा देणगीदार म्हणून गप्प बसतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका रविवारी मिळत नाही. त्यासाठी तिथल्या म्हाताऱ्या बायकांशी बोला, त्यांना सगळं ठाऊक असतं.

उपासनेची रीत वेगळी दिसली म्हणून मात्र कोणाला अविश्वासू ठरवू नका. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन अशा निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्याआधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या संयुक्त चर्चमध्ये होत्या आणि त्याच्यामार्फत यात आल्या. त्यामुळे पुण्यात त्याच नावाच्या चर्चमध्ये अँग्लिकन वळणाची छापील उपासना आणि पाळकांचे झगे दिसतील, नगरला कदाचित पाहिले नसतील.

प्रश्नकर्ती

दादा, आभारी आहे. एका मंडळीत दोन-तीनदा जाऊन आले. मग ‘मी अमक्या मंडळीत आहे’ असं म्हणू शकते का?

जुना सभासद

अजून नाही. सध्या तुम्ही ‘त्या मंडळीत जाता’. सभासदांच्या यादीत नाव लागलं की ‘त्या मंडळीच्या’ झालात. नगरच्या पाळकसाहेबांना फोन करून सभासदत्वाचं पत्र मागवून घ्या. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) तारखा त्यात लिहायला सांगा, इथे विचारतील.