व्हिडिओ घरी, उदाहरणं वर्गात: खरंच जमतं का?

खडूडस्टर
दोन वर्षं झाली, मी भौतिकशास्त्र उलटं शिकवतोय. दहा मिनिटांचा व्हिडिओ मुलं आदल्या दिवशी घरी बघतात, त्याखालचे चार प्रश्न सोडवतात. वर्गात आम्ही उदाहरणं सोडवतो आणि भांडतो. कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास तास बुडणाऱ्या मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायला घेतले, तिथून हे पसरलं. माझं म्हणणं एवढंच की समजावणं एकट्यानं ऐकता येतं, पण अडायचं ते कुणाच्या तरी समोर. फळ्यावरचं उतरवून घेण्यात तास संपवायचा आणि खरी झटापट घरी एकट्यानं करायची, हाच खरा उलटा कारभार.

तिरकस
पाच विषयांच्या पाच शिक्षकांना एकदम असा हुरूप आला की रोजचे पन्नास मिनिटांचे व्हिडिओ, वर प्रश्न. गृहपाठ आहेच. आणि 'बघितला' म्हणजे नक्की काय? माझी भाची दुप्पट वेगानं लावून शेजारी भलतंच वाचत बसते. शेवटी हिरवी खूण उमटते, शिक्षक खूश!
मीही शिकवते. वर्गात चेहरे बघून मी थांबते. व्हिडिओ कुणाचा चेहरा बघतो?

मागचा बाक
शिकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. 'सर, परत सांगा' म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही. व्हिडिओ तीनदा मागे नेला तरी कुणी वळून बघत नाही.

आकडेमोड
अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २०१० मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. नुसत्या वर्गापेक्षा वर्ग आणि ऑनलाइन एकत्र असलेले गट सरस ठरले. हे वाक्य सगळे उचलतात. त्याच अहवालात असंही आहे की या गटांना बऱ्याचदा वेळ आणि साहित्यही जास्त मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. शिवाय त्यात शाळकरी मुलांवरचे अभ्यास अगदी थोडे होते.

तिरकस
घ्या! म्हणजे जास्त वेळ दिला की जास्त येतं. त्यासाठी स्क्रीन कशाला?

खडूडस्टर
वेळेचं मान्य. पण मला व्हिडिओपेक्षा त्याखालचे चार प्रश्न महत्त्वाचे वाटतात. मागच्या महिन्यातली गोष्ट. प्रश्न होता: दोन सारखे बल्ब एकसरीत, म्हणजे एकामागोमाग एक, जोडले, कोणता जास्त उजळेल? ३८ पैकी २३ जणांचं उत्तर, 'पहिला, कारण त्यात थोडा करंट संपतो'. हे मला रात्रीच कळलं. ओहमच्या नियमावरची उदाहरणं घ्यायचा बेत होता, तो गुंडाळला. सकाळी एक सेल, दोन बल्ब घेऊन गेलो. दोन्ही सारखेच उजळले. 'सर, डोळ्यांना कळत नाही, पहिला थोडा जास्त आहे,' एकजण म्हणाला. सेलची टोकं उलटी जोडली आणि विचारलं, आता पहिला कोणता? वर्ग चिडीचूप. त्या २३ जणांचे चेहरे एरवी मला दिसले नसते. न समजलेलं मूलही मान डोलावतंच की.

तिरकस
बल्बचं आवडलं, खोटं कशाला बोलू. पण त्यात व्हिडिओचं काय कर्तृत्व? हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून वर्गात प्रश्न टाकून मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावू लागले, आणि तयारीला 'घरून वाचून या' सांगायचे. पुस्तक पुरलं. तुमचे चार प्रश्न कागदावरही होतील.

खडूडस्टर
होतील. ३८ कागद रोज रात्री तपासायला कोण बसणार, तेवढं सांगा. यंत्राकडून मला हमालीच हवी आहे, शिकवणं नको.

मागचा बाक
आणि जो न बघताच वर्गात येतो, त्याचं काय करता?

खडूडस्टर
दर वेळी चारपाच जण असतात. सुरुवातीला मी त्यांच्यासाठी धडा परत सांगायचो. मग बाकीच्यांनीही बघणं सोडलं. आता त्यांना इअरफोन देऊन मागे बसवतो, दहा मिनिटांनी गटात घेतो.

तिरकस
म्हणजे वर्गात बसून ऑनलाइन! आणि घरी नेट नाही म्हणून बघता आला नाही, तोही त्याच बाकावर?

खडूडस्टर
त्याच्यासाठी व्हिडिओ पेन ड्राइव्हवर देतो. चार प्रश्न मात्र तो कागदावर लिहून आणतो. तो कागद मी तपासतो, तासाला जाता जाता.