घरी हवामानाची यंत्रं बनवतोय, फुग्याच्या बॅरोमीटरचं काय करावं?

जुळे_सोलापूर_आई
नमस्कार, मुलगी सहावीत आणि दिरांचा मुलगा चौथीत, दोघांनी काचेच्या बरणीवर फुगा ताणून, त्यावर स्ट्रॉ चिकटवून बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, केलाय. पण रोज दुपारी स्ट्रॉचं टोक खाली येतं आणि ही दोघं ओरडतात, दाब कमी झाला, पाऊस येणार! बाहेर तर रणरणतं ऊन. काय बिघडलंय? आणि मृगाच्या आधी अजून काय बनवता येईल?

होटगी_रोड
ताई, बिघडलेलं काही नाही ओ, तो दुपारचा थर्मामीटर झालाय. बरणीतली हवा तापली की फुगते, फुगा वर येतो, स्ट्रॉचं टोक खाली जातं, बाहेरचा दाब कमी झाल्यावर होतं अगदी तेच. खोली 10 डिग्रीने तापली तर 30 मिलिबार दाब उतरल्यासारखं दिसतं, आणि खरा दाब सकाळी दहाच्या सुमारास जास्त न दुपारी चारला कमी, हा रोजचा फरक जेमतेम 3-4 मिलिबारचा. आपल्या उन्हात तो कुठं दिसायला. बरणी आतल्या खोलीत ठेवा आणि रोज पहाटे एकाच वेळी बघा. शेजारी थर्मामीटर ठेवून दोन्ही आकडे लिहायला लावा, कारण पोरांना आपोआप कळतं.

पार्क_चौक
मी म्हणेन आधी पर्जन्यमापक करा, खरा आकडा त्यातच मिळतो. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, मधला भाग सरळ असलेली, वरचं तोंड कापून उलटं बसवा, झालं नरसाळं. तळ खडबडीत असतो म्हणून खडे टाका, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा, तिथं शून्य, वर पट्टी चिकटवा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली एकाच रुंदीची, म्हणून पट्टीवरचा मिलिमीटर तोच पावसाचा मिलिमीटर. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खातं पण त्याच वेळी वाचतं, म्हणजे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. वाचून झालं की शून्यापर्यंत पाणी ठेवायचं, कोरडे दिवस गेले तर ते उडतं, ते आधी बघून भरायचं.

आणि हा हिशोब पोरांकडून करून घ्याच: हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवर 10 मिमी पाऊस म्हणजे सुमारे 930 लिटर, हजार लिटरची टाकी जवळजवळ भरली की. नळाची वाट बघणाऱ्या घरातल्या पोरांना हा आकडा लगेच पटतो.

कूलरवाला_बाळे
दोन साधे थर्मामीटर घ्या, पाऱ्याचे नको, फुटला तर ताप. एकाच्या खालच्या गोळ्याला जुन्या सुती पंचाचा तुकडा गुंडाळून टोक पाण्यात सोडा. मे महिन्यात दोघांत 15-20 डिग्री फरक येतो, श्रावणात दोन-चारच. कूलर मे मध्ये गार का करतो न पावसाळ्यात नुसता घाम का आणतो, ते तिथंच दिसतं. दोन्ही सावलीत, भिंतीला न टेकवता लटकवा.

जुळे_सोलापूर_आई
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! बाटली गच्चीच्या कठड्याजवळ ठेवली तर चालेल का?

पार्क_चौक
नको, कठड्याला वारा अडतो, पाऊस कमी भरतो. मधे ठेवा, विटांमध्ये घट्ट. 2018 आणि 2019 ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापुरात ढगांत बी पेरायचा, म्हणजे कृत्रिम पावसाचा, प्रयोग केला तेव्हाही पाऊस मोजायला जमिनीवर पर्जन्यमापकच लावले होते. आणि वही सप्टेंबर संपेपर्यंत बंद करू नका, आपल्याकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरातच पडतो.