गायरानातली दफनभूमी: तो फॉरवर्ड वाचून डोकं फिरलं म्हणून

आडवाटेचा:
परवा इथे कुणीतरी एक फॉरवर्ड जसाच्या तसा चिकटवलाय. सारांश असा की कुठल्याशा गावात गायरानातली वीस गुंठे जागा दफनभूमीला द्यायचं चाललंय, ही सरळ लूट आहे, सार्वजनिक जमीन सगळ्यांची असते, ती एका समाजाला देताच येत नाही, कोर्टात गेलं की एका तारखेत उडेल. खाली अंगठ्यांची रांग.

मी महसूलमध्ये एकतीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून सुटलो. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

'देताच येत नाही' हे कुठून आणलं? जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २२ काढून बघा. सरकारी जमीन कशाकशासाठी राखून ठेवता येते त्याची यादीच आहे. गुरांना फुकट चराई, सरपण, दफनाची नि दहनाची जागा, गावठाण, खळं, बाजार, अगदी कातडी सोलायची जागासुद्धा. गायरान आणि दफनभूमी एकाच वाक्यात मांडीला मांडी लावून बसलीत, आणि ती पूर्वीपासूनच बसलीत, आजच्या कुठल्या पक्षानं बसवलेली नाहीत.

आता दुसरी बाजू, म्हणजे दुसऱ्या पार्टीनंही फार उड्या मारू नयेत. ग्रामसभेचा ठराव म्हणजे जमीन नव्हे. ज्या कामाला राखली ते सोडून वापरायची तर कलेक्टरची मंजुरी लागते. आणि २०११ पासून गायरानाचं फारच कडक झालंय. त्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंगचा निकाल आला (पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावर बांधकाम झालं होतं ते प्रकरण), १२ जुलैला आपल्याकडे जीआर निघाला, पुढं संहितेत कलम २२अ आलं. सार्वजनिक काम हवं आणि दुसरी योग्य सरकारी जागा नाही हे दाखवायला हवं. भांडायचं तर इथं भांडा ना. दुसरी जागा शोधली का, कलेक्टरचा आदेश आहे का, मोजणी झाली का, सातबाऱ्यावर नोंद चढली का. हे एकजण विचारत नाही. सगळे विचारतात 'कुणासाठी?'

एक फाईल मला जन्मात विसरायची नाही. जुन्या उताऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात 'कब्रस्थान' असं पेन्सिलीनं लिहिलेलं. शिक्का नाही, फेरफार नंबर नाही, सही नाही. एक पार्टी म्हणे ही नोंद, दुसरी म्हणे खोडरबर आणा. अकरा वर्षं चाललं ते, आणि शेवटपर्यंत ती पेन्सिल कुणाची हे कळलं नाही.

दुपारचा_चहा:
तो फॉरवर्ड मीच चिकटवला होता, त्यामुळे उत्तरही मीच देतो.

तुम्ही कलमं पाठ म्हणून दाखवलीत, छान. पण तुमच्या खात्यातली माणसं हीच कलमं दाखवून नडलेल्याला दारात उभं करतात हेही लिहा की. आमच्या उपनगरात विकास आराखड्यात खेळाचं मैदान होतं. पंधरा वर्षं तिथं मैदान झालंच नाही, नुसतं गवत नि डुकरं. पोरांनी स्वतः खडे वेचून पिच केलं. मग एके दिवशी कळलं की आरक्षण बदललं. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवल्या होत्या म्हणे, एक महिन्याची मुदत होती म्हणे. नोटीस आली होती एका पेपरात, जो आमच्या अख्ख्या सोसायटीत कुणी घेत नाही. मला कुणाच्या मढ्याशी वैर नाही हो, पण जिवंत पोरांचं काय?

आणि कोर्टात काही होत नाही असंही नाही. बंगलोरला बागेची जागा नर्सिंग होमला दिली होती, १९९१ साली सुप्रीम कोर्टानं रद्द केली. चांगलं काम असलं तरी मोकळी जागा मोकळीच राहिली पाहिजे. तिथं दवाखाना चालत नाही तर दफनभूमी कशी चालते?

ठोकताळा:
सगळ्यांना विद्युतदाहिनी लावा. जागा वाचली, वाद मिटला, धागा बंद करा.

रुद्रभूमी_शोधतोय:
@ठोकताळा, तुम्ही आधी स्वतःच्या आजीला विचारून या आणि मग ज्ञान द्या.

दफन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं एकच समाज येतो याची खरंच चीड येते. आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, बसवून पुरतात, हातात इष्टलिंग देऊन. आमच्यातच कशाला, गोसाव्यांतसुद्धा समाधी देतात. गावात आमची तीस घरं, रुद्रभूमी म्हणून ज्या कोपऱ्यात चार पिढ्या पुरत आलो तो कोपरा कागदावर 'पड'. शेजारच्या शेतकऱ्यानं दरवर्षी ट्रॅक्टरचा एक एक फाळ आत घालत घालत अर्धा कोपरा खाल्ला. आजी गेली तेव्हा खड्डा खणायला लागलो तर खालून दुसऱ्या कुणाची तरी हाडं वर आली. माझा बाप नुसता उभा होता, काही बोलला नाही, मग शर्टाच्या ओच्यात ती हाडं गोळा केली आणि आजीच्या पायाशी परत ठेवली. तुमची विद्युतदाहिनी ठेवा तुमच्याजवळ.

आणि हो, आम्ही स्वतंत्र जागेचा अर्ज दिला तेव्हा पहिली हरकत घेणारे कोण होते? गावातले आपलेच. तेव्हा 'गायरान वाचवा' म्हणणाऱ्यांच्या घरात एक म्हैस नव्हती.

शब्बीर_मास्तर:
दुपारचा_चहा, मैदान गेलं याचं मला खरंच वाईट वाटतं, मी पंचवीस वर्षं शाळेत पीटी घेतलीय. पण 'दफनभूमी कशी चालते' याचं उत्तर सोपं आहे. बंगलोरचा तो दवाखाना खाजगी ट्रस्टचा होता आणि बागेचं आरक्षण रीतसर न बदलता जागा दिली होती. रीतसर बदलणं आणि गुपचूप देणं यात फरक आहे, तुमचा राग गुपचूपवर असेल तर मी तुमच्या बाजूला उभा राहतो.

मुंबईचं बघा. देवनारची दफनभूमी भरत आली म्हणून लोक हायकोर्टात गेले. पालिका आज ही जागा, उद्या ती जागा. २०२४ मध्ये कोर्टानं वैतागून विचारलं की मेलेल्यांना आता काय मंगळावर न्यायचं का? आमच्याकडे जुनी कबर काही वर्षांनी परत उघडतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. माझ्या अब्बांच्या कबरीवर आज दुसरंच नाव आहे. तक्रार नाही, जागाच तेवढी आहे. ईदला जातो तेव्हा त्या दुसऱ्या नावासाठीपण दुआ करतो, दुसरं काय करणार.

दुपारचा_चहा:
मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण एक सांगा, एकदा कब्रस्तान झालं की ती जागा कधी परत येते का? सुप्रीम कोर्टानंच १९७६ मध्ये म्हटलंय ना, सार्वजनिक कब्रस्तान वापरात नसलं तरी कब्रस्तानच राहतं. मग लोक बिचकणार नाहीत तर काय? वीस गुंठे म्हणजे कायमचे वीस गुंठे.

शब्बीर_मास्तर:
नाही येत परत. खरं आहे. पण माणूस तरी कुठं परत येतो?

ठोकताळा:
शेर झाला. इर्शाद.

आडवाटेचा:
ठोकताळा, जरा दम खा.

बिचकण्याचा मुद्दा मान्य, अर्धा. म्हणूनच म्हणतोय आधी कागद, मग खड्डा. उलटं झालं की काय होतं ते बस्तरमध्ये दिसलं. २०२५ च्या जानेवारीत एका ख्रिस्ती माणसाचा मृतदेह गावात पुरू देईनात म्हणून वीस दिवस शवागारात पडून, मुलगा सुप्रीम कोर्टात. दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल. नागरत्ना म्हणाल्या घरच्या शेतात पुरू द्या, शर्मा म्हणाले नेमून दिलेल्या जागीच. शेवटी देह ताटकळू नये म्हणून २७ तारखेला दोघांनी मिळून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दफनभूमीत न्यायला सांगितलं. आणि कोविडमध्ये वांद्र्याला? शेजाऱ्यांनी कब्रस्तान बंद करा म्हणून अर्ज केला, हायकोर्टानं २२ मे २०२० ला फेटाळला, वर सांगितलं की सन्मानानं अंत्यसंस्कार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तिथं जागा आधीपासून होती म्हणून निभावलं.

नदीपल्याड:
तुम्ही सगळे जागेवरून भांडताय. आमच्याकडे जागा आहे. सातबारा आहे, नोंद आहे, शेड आहे, शेडवर आमदार फंडाचा बोर्ड आहे. रस्ता नाही.

मधे ओढा आणि ओढ्याअलीकडे एकाचं शेत. उन्हाळ्यात बांधावरून जाऊ देतो, पेरणी झाली की तारेचं कुंपण. माझे वडील ऑगस्टात गेले. छातीएवढं पाणी. तिरडी डोक्यावर धरून सहाजण उतरलो, मधे धाकट्या भावाचा पाय सटकला आणि तिरडी एका अंगाला कलली तेव्हा वडिलांचा हात बाहेर आला. तो हात पाण्याला लागला. मला आजही पावसाचा आवाज आला की तो हात दिसतो. पलीकडे पोचलो तर लाकडं भिजलेली, डिझेल संपलं, रात्री दीडला पेटली.

आणि आमची स्मशानभूमी ओढ्यापलीकडे का आहे ते विचारा. गावची अलीकडे आहे, डांबरी रस्त्याला लागून. आमच्या वस्तीची पलीकडे. आता समजा काय समजायचं ते.

रुद्रभूमी_शोधतोय:
समजलं. हेच, हेच म्हणायचंय मला.

खळं_आणि_मळणी:
शेतकऱ्यालाच व्हिलन करू नका कृपया. आमच्या बांधावरून असाच 'तात्पुरता' रस्ता दिला आजोबांनी, आता तिथून उसाचे ट्रक जातात आणि पाऊण एकर गेलं. मोबदला शून्य. प्रेताला कोण अडवतं? प्रेताच्या मागून जे येतं त्याला अडवतात.

नदीपल्याड:
प्रेतालाच अडवतात. मी खांद्यावर घेऊन उभा होतो, तुम्ही नव्हता.

खळं_आणि_मळणी:
तुमच्या दुःखाचा मान ठेवून सांगतो, सगळे सारखे नसतात. आणि प्रत्येक गोष्टीत जात आणायची काही गरज नव्हती.

नदीपल्याड:
मी आणली नाही. ओढ्याच्या कुठल्या बाजूला कोण जळणार हे ज्यानं ठरवलं त्यानं आणली.

आडवाटेचा:
विषय सोडून चाललंय पण हा रस्त्याचा मुद्दा मूळ धाग्यापेक्षा मोठा आहे, तेव्हा जाऊ दे.

नदीपल्याड, तहसीलदाराकडे गेला होतात का? बहुतेक लोक महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करतात आणि फसतात, ते कलम शेताच्या मालकाला आपल्या शेतात जायला बांधावरून वाट द्यायचं आहे, स्मशानात जायला नाही. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ चा, कलम ५. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा घालावा लागतो. तिथंच माणसं चुकतात, कारण त्या सहा महिन्यांत घरात सुतक असतं, कर्ज असतं, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत कुणी मरत नाही म्हणून आठवण राहत नाही.

नदीपल्याड:
१४३ च केलं होतं. दोन वर्षांनी कागद आला, 'अर्जदार सदर गटाचे खातेदार नाहीत, सबब अर्ज निकाली'. निकाली म्हणजे काय हो?

आडवाटेचा:
काढून टाकला. असली पत्रं मी पण लिहिलीत. शेकड्यानं.

ठोकताळा:
हे मात्र प्रामाणिक बोललात.

दुपारचा_चहा:
मी रात्री परत सगळं वाचलं. मैदानाचं माझं म्हणणं कायम आहे, मी हायकोर्टात जाणारच आहे, आणि नोटीस नीट दिली नाही याच मुद्द्यावर जाणार आहे, 'कुणासाठी' या मुद्द्यावर नाही. झालं समाधान? फॉरवर्डमधलं 'देताच येत नाही' हे वाक्य चूक होतं, मागे घेतो. बाकीचं नाही. आणि कोर्टात सरकारी खात्याविरुद्ध काही होतच नाही म्हणणाऱ्यांसाठी, मालाडच्या एरंगळला कलेक्टरनं किनाऱ्यावरची कोळ्यांची स्मशानभूमी पाडली होती, २०२२ मध्ये हायकोर्टानं ती कलेक्टरलाच परत बांधून द्यायला लावली. म्हणजे होतं कधीकधी.

नदीपल्याड, माझा मेहुणा मोजणी खात्यात आहे. गट नंबर पाठवा, जुन्या गाव नकाशावर ओढ्याच्या कडेनं तुटक रेघेची पाऊलवाट दाखवलेली असली तर पुढचं बरंच सोपं जातं म्हणे. फुकटची आशा दाखवत नाहीये, नुसतं बघायला सांगतो.

खळं_आणि_मळणी:
तुटक रेघ असली तरी मोबदल्याचं बघा म्हणावं त्या शेतकऱ्याच्या.

नदीपल्याड:
दोन्ही बाजूचे गट नंबर खाजगी निरोपात पाठवलेत. माझ्याकडचा उतारा २०१४ चा आहे, नकाशा नाहीच. नवीन काढायला तलाठी फक्त मंगळवारी असतो, आणि या मंगळवारी सुट्टी आहे.