कुसळ, मुसळ आणि पारख: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासगटात बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय होता. एका भावाने पहिलं वचन धरलं, 'तुम्ही कोणाचे दोष काढू नका'. दुसऱ्याने पंधरावं धरलं, खोट्या संदेष्ट्यांविषयी जपा. दोघंही येशूचेच शब्द सांगत होते. तास संपला, वाद संपला नाही. घरी येऊन मी पाचव्या वचनावर थांबले. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचं आहेच. पण त्यासाठी जवळ जावं लागतं, हात हलका लागतो, आणि समोरच्याने डोळा उघडा ठेवण्याइतका तुमच्यावर भरवसा ठेवावा लागतो.

माझं आधी सांगते. आमच्या स्त्रियांच्या प्रार्थनासभेला एक बहीण दीड महिना आली नव्हती. मी 'प्रार्थनेचा विषय' म्हणून तिचं नाव घेतलं. ती विश्वासात थंड पडली आहे असं म्हणाले, ती कोणाबरोबर दिसली तेही सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले. त्या क्षणी मला आपण काही चांगलं करतोय असं वाटत होतं, हे लिहिताना आजही लाज वाटते. नंतर कळलं, तिच्या पोटातलं बाळ गेलं होतं. आमच्या गटात तेव्हा दोघी गरोदर होत्या आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. जिच्याबरोबर ती दिसली ती समुपदेशक होती. ती येत नव्हती, एवढंच मी पाहिलं होतं. बाकी सगळा निकाल माझ्या मनाचा.

पारख करताना कुठे चुकलात, कुठे गप्प बसल्याचा पस्तावा झाला, कोणी तुम्हाला प्रेमाने सावरलं, ते लिहा. कोणाचं नाव, कुठल्या मंडळीचं (चर्चचं) नाव नको.

दाराशी सेवा करणारा

एका रविवारी मागच्या बाकावर एक गृहस्थ गीत गाताना शब्द ओढत होते. जीभ जड, अंग एका बाजूला झुकलेलं. मी कोपराला धरून त्यांना बाहेर आणलं. आवाज खालीच ठेवला, पण म्हणालो ते असं: 'भाऊ, पिऊन देवाच्या घरात येऊ नये.' त्यांनी रुमालाने ओठाची कड पुसली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, 'पक्षाघात... झाला होता. डॉक्टर म्हणाले... गात जा.'

मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्या हन्नेबाबत एली याजकाने हेच केलं होतं (१ शमुवेल १). तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, म्हणून त्याने तिला नशेत आहे असं ठरवून टाकलं. पण तिने खुलासा करताच 'सुखाने जा' म्हणून आशीर्वादही दिला. मी निदान तेवढं त्याच्याकडून घेतलं. क्षमा मागितली, त्यांना आत नेलं, शेजारी बसलो आणि त्यांच्या गतीने गायलो. सगळ्यांचं गीत संपलं तेव्हा आमचं एक कडवं उरलं होतं. आता शंका आली की मी आधी विचारतो, 'भाऊ, बरं वाटतंय ना?' हा प्रश्न प्यालेल्याला विचारला तरी चालतो आणि आजाऱ्याला विचारला तरी.

धाकटी बहीण

मला उलट बाजू लिहायची आहे. 'दोष काढू नका' या वचनाच्या आडोशाला आम्ही गप्प बसलो. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने सभेत सांगितलं की औषध घेणं म्हणजे अविश्वास. माझ्या ताईने इन्सुलिन बंद केलं. मला आणि माझ्या यजमानांना ते चूक वाटत होतं, पण कोणी कुजबुजलं तरी 'माझ्या अभिषिक्तांना (म्हणजे देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका' हे वचन पुढे यायचं. थोड्याच दिवसांत ताई बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात गेली. वाचली, ही देवाची दया.

हे वचन ज्यात आहे ते स्तोत्र १०५ तिच्या खाटेशी बसून मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं. ते शब्द राजांना धाक देण्यासाठी आहेत: परक्या मुलखात भटकणाऱ्या आमच्या पूर्वजांना इजा करू नका. शिकवण तपासू नका असं त्यात कुठेही नाही. बिरुया नगरातल्या लोकांनी तर प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहिलं आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११). हे कृत्यांचं पुस्तक लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता! पौलही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो.

मग आम्ही पाळकांकडे गेलो. त्या प्रचारकाच्या मनात लोभ होता की भाबडेपणा, हे आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून त्यावर बोललो नाही. त्याने काय शिकवलं आणि त्याचं काय फळ आलं, तेवढंच सांगितलं. पुढच्या रविवारी उपासनेत जाहीर सूचना झाली की कोणीही उपचार थांबवू नयेत. ही सूचना ताई पडायच्या आधी यायला हवी होती, आणि त्यासाठी तोंड उघडणं माझं काम होतं.

शास्त्राचा विद्यार्थी

मत्तय ७ च्या वादात एक भर. 'दोष काढू नका' मधलं ग्रीक क्रियापद क्रिनो. योहान ७:२४ मध्येही तेच आहे, आणि तिथे येशू तोंडदेखला न्याय करू नका, यथार्थ करा असं म्हणतो. तेव्हा न्यायबुद्धीच गुंडाळून ठेवा असा अर्थ निघत नाही. 'सर्व गोष्टींची पारख करा' (१ थेस्सलनी. ५:२१) इथे वेगळं क्रियापद येतं, दोकिमाझो. धातूचा कस पाहण्यासाठी ते वापरत. मला हलवून गेलं ते पुढचंच: प्रभूभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, माणसाने स्वतःची परीक्षा करावी (१ करिंथ. ११:२८), तिथेही हेच क्रियापद आहे. ज्या कसोटीवर मी दुसऱ्याचा उपदेश घासतो, तिच्यावर भाकर हातात घेण्याआधी मला स्वतःला घासायचं आहे.

तरुण संघातला

मी एकोणीस वर्षांचा असताना तरुण संघात पहिला संदेश दिला. बायबलमधल्या ईयोबाला त्याच्या दुःखात दोष देणाऱ्या मित्रांचं एक वाक्य देवाचं वचन म्हणून ठासून सांगितलं. शेवटच्या अध्यायात देव त्याच मित्रांवर रागावतो, हे माझ्या गावीही नव्हतं. सभेनंतर एक वयस्कर जोडपं थांबलं. काकूंनी आपलं बायबल उघडलं, समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, 'बाळा, हे कोण बोलतंय इथे? जरा वरपासून वाच बघू.' मी वाचत गेलो आणि माझे कान गरम झाले. काका एवढंच म्हणाले, 'पुढच्या वेळी तयारीला आमच्याकडे ये.' पुढची चार वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोस या उपदेशकाला प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने असंच जवळ घेऊन समजावलं होतं, ते प्रकरण मला आजही डोळे कोरडे ठेवून वाचता येत नाही.

कॅथॉलिक सून, ल्यूथरन सासर

आमच्या घरात मतभेद कायमचेच. मग एक गोष्ट सापडली. १५२९ साली प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने खोट्या साक्षीविरुद्धच्या आज्ञेचा अर्थ सांगताना लिहिलं की शेजाऱ्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तेवढा चांगला अर्थ लावावा. १५४८ साली छापल्या गेलेल्या, कॅथॉलिक संत इग्नेशियस लोयोलांच्या साधनापुस्तिकेतही सुरुवातीलाच हेच सांगितलं आहे: समोरच्याचं वाक्य दोषी ठरवण्याआधी ते सावरून घ्यायला बघा; नाही जमलं तर त्याला काय म्हणायचंय ते विचारा; ते चुकीचं असेल तर प्रेमाने सुधारा. चर्च दुभंगत असताना, दोन बाजूंनी! आता वाद तापला की सासूबाई म्हणतात, 'आधी विचार, तुला काय म्हणायचंय ते.' येशूची आई मरिया हिच्याबद्दल आमचं अजून पटलेलं नाही, पण जेवताना कोणी उठून जात नाही.

नाव नको

हे सगळं वाचून लिहितोय. माझ्या एका विश्वासू मित्राचा व्यवहार मला दोन महिने खटकतोय. मत्तय १८:१५ मला पाठ आहे, आधी एकट्याने त्याच्याकडे जा. मी चौघांशी बोललो, त्याच्याशी नाही. आज दुपारी त्या चौघांना एकेक करून फोन केला आणि सांगितलं की मी अर्धवट माहितीवर बोललो, ते तुमच्यापाशीच राहू द्या. तिसऱ्याने विचारलं, 'मग खरं काय आहे?' म्हटलं, मला माहीत नाही. मित्राला उद्या संध्याकाळी भेटतोय. प्रार्थना करा, पण कृपा करून तो कोण असेल याचा अंदाज बांधू नका.