रविवारचा भरलेला फ्रेंच टोस्ट: आपापले अनुभव टाका

तिकटीवरची:

रविवारी सकाळी मटणाला रांग लावायची आणि दुपारी तांबडा-पांढरा ओरपून आडवं व्हायचं हा आमच्या कोल्हापूरचा कायदा, त्याला माझा काही विरोध नाही. पण कधीकधी मटण रात्रीवर गेलेलं असतं, घरातले साडेनऊ-दहाला डोळे चोळत उठतात, पोहे म्हटलं की तोंडं वाकडी होतात आणि मग नाष्टा नि जेवण मिळून एकच काहीतरी दणदणीत करावं लागतं. आमच्यात अशा वेळी भरलेला फ्रेंच टोस्ट होतो. साधा अंडा-ब्रेड नव्हे हं, जाड ब्रेडच्या पोटात चक्का भरून तूप-लोण्यावर खमंग भाजलेला, वरनं काकवी. एक खाल्ला की माणूस गप होतो, दोन खाल्ले की झोपतो.

परवा नणंदेकडं विषय निघाला तर तिथल्या चार बायकांच्या चार पद्धती निघाल्या, म्हणून हा धागा. काय भरता, कुठला ब्रेड, तव्यावर फुटतो का, घरचे खातात का, सगळं लिहा. पाककृती नीटनेटकी नसली तरी चालेल.

सुरुवात मीच करतो. ब्रेड आदल्या दिवशी बेकरीतनं अख्खा आणायचा, बेकरीवाला सवयीनं कापायला घेतो, त्याला थांबवायचं. घरी दीड इंचाचे जाड काप करून रात्रभर जाळीवर ठेवायचे, वर नुसतं पातळ फडकं. ताजा ब्रेड दूध पितो आणि त्याचा लगदा होतो, शिळा ब्रेड दूध पितो आणि उभा राहतो, निम्मं काम तिथंच होतं. सकाळी काप आडवा धरून खालच्या कडेनं छोटी सुरी घालायची आणि आतल्या आत फिरवून खिसा करायचा, बाकीच्या तीन बाजूंना अर्धा इंच तरी भिंत राहिली पाहिजे. सुरीचं टोक दुसरीकडनं बाहेर आलं तर तो काप चहात बुडवायला पोरांना देऊन टाकायचा, त्यात सारण भरायच्या भानगडीत पडायचं नाही.

चक्का घरचा, म्हशीच्या दुधाचा. शनिवारी सकाळी दही पंचात बांधून टांगतो, संध्याकाळी चाळणीत ठेवून वर वजन आणि फ्रीजमध्ये. वाटीभर चक्क्याला दोन चमचे पिठीसाखर, वेलदोडा, किसलेली लिंबाची साल, भाजून भरड केलेले चंदगडचे काजू आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर, कारण गरम झाल्यावर चक्का पाणी सोडतो आणि खिशातनं वाहायला लागतो. विकतचं श्रीखंड भरू नका बरं का, त्यात साखर एवढी असते की तव्यावर पातळ होऊन पळतंच.

चार कापांना तीन अंडी, पाऊण कप दूध, चिमूटभर मीठ आणि साखर फक्त एक चमचा. गोड वरनं घालता येतं, दुधात जास्त घातलं की आत शिजायच्या आधी बाहेरनं काळं. हे फेटून गाळणीतनं गाळून घ्यायचं म्हणजे पांढऱ्याच्या तारा ब्रेडला चिकटत नाहीत. काप दोन्हीकडनं अर्धा-अर्धा मिनिट बुडवायचा. मग बिडाचा तवा, अर्धं तूप अर्धं लोणी (नुसतं लोणी करपतं), गॅस बारीक. पहिली बाजू झाकण ठेवून तीन-चार मिनिटं, उलटला की झाकण काढायचं, शेवटी चिमट्यानं उभा धरून चारी कडा तव्याला लावायच्या. ही कडांची पायरी सगळे गाळतात आणि मग म्हणतात बाजूनं अंड्याचा वास येतो. येणारच की, तिथं ते कच्चंच असतं! उतरवला की जाळीवर ठेवा, ताटात ठेवला की खाली वाफ धरून मऊ पडतो.

ब्रेड शिळा, सारण घट्ट, गॅस बारीक. ह्या तीन गोष्टी असल्या की वर चॉकलेट ओता नाहीतर काही ओता, बाकी सगळा फोटोचा थाट.

पांढरा_रस्सा:

रविवारी गोड नाष्टा? पेठेत कुणाला सांगू नका वैनी.

आमच्यात तिखटाचा होतो. शनिवार रात्रीचं सुकं उरलेलं असतं, हाडं काढून बोटानं मोकळं करायचं, रस्सा अजिबात नको, तवा तापवून कोरडं परतायचं, मग गार करून ब्रेडच्या पोटात. अंड्यात साखर नाही, मीठ, कोथिंबीर आणि अर्धा चमचा कांदा-लसूण चटणी. आत चीजचा एक तुकडा ठेवायचा, त्यानं मटण धरून राहतं. बरोबर दही-कांदा. विषय संपला, नाद खुळा.

तिकटीवरची:

सुकं उरतं तुमच्यात? कुठल्या पेठेत राहता वं तुम्ही?

पांढरा_रस्सा:

उरत नाही, लपवून ठेवतो.

अंडं_नको_बाई:

माझं सासर जैन, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, त्यामुळे माझा अनुभव वेगळा. बिनअंड्याचा करताना लोक नुसत्या दुधात ब्रेड बुडवतात आणि मग तव्याला चिकटला म्हणून रडतात, पण अंडं तिथं धरून ठेवायचं काम करत असतं, ते काढलं तर दुसरं कुणीतरी ते काम करायला पाहिजे ना. मी कपभर गार दुधात दोन चमचे व्हॅनिला कस्टर्ड पावडर आणि एक चमचा मैदा घालते, गुठळी मोडून घेते. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यत्वे कॉर्नफ्लोअरच, तव्यावर ते घट्ट होतं आणि वर छान पापुद्रा धरतं. दर काप बुडवायच्या आधी भांडं ढवळायचं, नाहीतर सगळं तळाशी बसतं आणि शेवटच्या दोन कापांना नुसता चिखल मिळतो.

आणि खिसा वगैरे मी करत नाही, गुंडाळी करते. साध्या स्लाइसच्या कडा काढायच्या, लाटण्यानं पातळ लाटायचं, एका टोकाला नृसिंहवाडीचा पेढा कुस्करून त्याची लांबट वळी ठेवायची, घट्ट गुंडाळायची, शेवटची कड दुधाच्या बोटानं चिकटवायची, पटकन बुडवून तव्यावर, चिकटवलेली बाजू आधी खाली. ह्याला ब्रेड मात्र ताजा लागतो, शिळा लाटताना फाटतो. वर वाडीचीच गार बासुंदी. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या ब्रेड हे काय माणसानं सणावारी खायचं आहे का, आता पाहुणे यायचे असले की त्याच विचारतात, ते गुंडाळीचं करणार ना गं?

निवृत्त_मास्तर:

सूनबाईंनी केला होता. प्रथम नाक मुरडले. नंतर खाल्ला. मधुमेहामुळे अर्धाच खाण्याची ताकीद होती. सौ. दाराशी भाजीवाल्याशी बोलत असताना उरलेला अर्धाही खाल्ला. उत्तम.

मॉन्ट्रियलकर_मूळचा_रंकाळ्याचा:

इकडं ब्रंचला हा प्रकार भरपूर चालतो. ब्रेड बहुतेक वेळा ब्रिओश, म्हणजे अंडी आणि लोणी घालूनच मळलेला, त्यामुळे आधीच श्रीमंत, आत क्रीम चीज आणि बेरी. दिसायला भारी, पण खरं सांगू का, ब्रिओश फार मऊ असतो, खिसा करायला गेलं की फाटतो, आणि तीन घास झाले की लोण्यावर लोणी नकोसं होतं. आपला बेकरीचा साधा ब्रेड आणि आंबटसर चक्का हे गणित मला जास्त पटतं. आंबटपणा पाहिजेच, इकडं क्रीम चीजही तेवढ्यासाठीच असतं.

वर मेपल सिरप. वसंतात, मार्च-एप्रिलकडं, झाडांना भोकं पाडून पाण्यासारखा रस गोळा करतात आणि आटवतात, साधारण चाळीस लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. जंगलातल्या त्या शेडमध्ये लाकडं पेटवून कढई उकळताना बघितली आणि मला थेट कागलकडचं मामाचं गुऱ्हाळ आठवलं, चुलाण, मळी काढणारा गडी, सगळं तेच, फक्त आजूबाजूला बर्फ. मामा गुळाला आणायच्या जरा आधी कढईतली काकवी काढून तांब्यात द्यायचा. आता गावाकडनं येताना बॅगेत काकवीची बाटली असतेच, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध. इथल्या मित्रांना टोस्टवर घालून दिली तर मेपल बाजूला सारून तीच मागायला लागले. फक्त काकवी खारटसर गोड असते, त्यामुळे टोस्टच्या दुधातलं मीठ थोडं कमी करा.

गंगावेस_दूधकट्टा:

दुधाबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. इंटरनेटवर जिकडंतिकडं दुधात क्रीम घाला म्हणून लिहिलेलं असतं, ते त्यांच्या गाईच्या दुधाला ठीक आहे, साडेतीन-चार टक्के फॅट असतं. म्हशीच्या दुधाला सहा-सात टक्के. आपल्याकडं कट्ट्यावर डोळ्यांसमोर धार काढून देतात, तेच आणायचं, तापवून गार करायचं आणि साय दुधातच मोडायची, वेगळं क्रीम कशाला? उलट क्रीम घातलं की टोस्ट तेलकट होतो. आमची आई तर साय वेगळी काढून त्यात साखर घालून सारणच करते. साय, साखर, जायफळ, बास. गरम टोस्ट फोडला की आतनं साय अर्धी वितळलेली असते, मग बोटानं पुसून खावं लागतं.

कट्ट्यावर उभ्या उभ्या कच्चं दूध पिणारे पिऊ देत, पण अंड्यात घालायचं दूध तापवलेलंच घ्या.

कुंभारगल्लीतला:

हे ब्रंच म्हणून नव्हतं, पण लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आमच्या जिन्यापर्यंत आलं आणि आम्ही सगळे आत्याकडं राजारामपुरीत. हायवे बंद, दुधाच्या गाड्या येईनात, आत्याच्या घरात पाहुणे धरून पंधराएक माणसं आणि कुणीकुणी आणून दिलेल्या ब्रेडचा हा ढीग, तो पण वाळायला लागलेला. आत्यानं दुधाची पावडर कालवली, अंडी थोडीच होती ती सगळी फोडली, आणि दोन-दोन स्लाइसमध्ये गूळ-खोबरं भरलं, मोदकाचं करतात तसंच, वेलदोडा घालून. कडा अंड्यानं चिकटवून दाबल्या आणि मोठ्या तव्यावर एकदम सहा-सहा. माझी चुलती दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती, तिनं खाल्ला आणि म्हणाली, गूळ जरा बेतानं घाल गं, खाली गळायलाय. आत्या म्हणाली, बोललीस बाई एकदाची.

गूळ खरंच गळतो, त्यावर उपाय म्हणजे सारण आधी शिजवून कोरडं करायचं आणि पूर्ण गार झाल्यावर भरायचं. आमच्याकडं आता टोस्ट म्हणजे हाच, चक्का-बिक्का कुणी मागत नाही.

किचनमधला_भावड्या:

मी हॉटेलात ब्रंचच्या शिफ्ट केल्यात त्यामुळे थोडं धंद्याचं सांगतो. दहा माणसं असतील तर तव्याचा नाद सोडा. पहिला खाणारा हात धुऊन बसतो तरी शेवटचा रांगेतच असतो. ट्रेला लोणी लावा, भरलेले काप जवळजवळ बसवा, दूध-अंडं वरनं ओता, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी १८० डिग्रीवर पंचवीस-तीस मिनिटं, मग दोन मिनिटं तव्यावर फिरवा रंगासाठी. मधोमध सुरी घालून बघा, ओलं दूध लागलं नाही पाहिजे. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७१ च्या वर. एका ठिकाणी आमचा शेफ घाईत मोठ्या गॅसवर करायला लावायचा, बाहेरनं फोटोला एकदम सोनेरी, आत थंडगार पिवळं पाणी, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या वाढप्याला.

आणि पावसाळ्यात ब्रेड जाळीवर ठेवून वाळत नाही, आपल्या हवेत बुरशी धरतो. तेव्हा ओव्हन १२० वर पंधरा मिनिटं, नाहीतर रात्रभर सरळ फ्रीजमध्ये. फ्रीजच्या थंडीत ब्रेडमधला स्टार्च लवकर कडक होतो, एरवी आपण त्यालाच ब्रेड खराब झाला म्हणतो, इथं तोच पाहिजे असतो.

ताराबाईपार्क_नवखी:

सगळं वाचून आज स्ट्रॉबेरीचा केला, महाबळेश्वरची आलीय गाड्यांवर. तिकटीताई, तुमची कडांची पायरी एकदम पटली. स्ट्रॉबेरी मात्र चिरून तशीच भरू नका, पाणी सुटतं, मी साखर घालून तव्यावर आटवून घेतली आणि निम्मी वर ठेवली.

फक्त एक विचारायचंय. मी एवढा खपून केला, चक्का, स्ट्रॉबेरी, वर काजू, आणि ह्यांनी फ्रीज उघडून टोमॅटो सॉसची बाटली काढली आणि वर घातला. काय करायचं अशा माणसाचं?

तिकटीवरची:

फोटो आधी काढून घ्यायचा. आणि पुढच्या रविवारी त्यांना पांढरा_रस्सा यांच्याकडं पाठवा, तिखटाचा खायला.

पांढरा_रस्सा:

पाठवा की. सॉस नाही मिळायचा पण.