‘तिच्या नावे’ म्हणजे कोणाचे? नावे, जमा, कमाई, अनामत आणि ‘वर्ग करणे’

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नागपुरातल्या एका गाईड पथकाचा (स्काऊट-गाईडमधल्या मुलींच्या तुकडीचा) हिशेब मी ठेवते. त्यातल्या सातवीतल्या एका मुलीचं घर धरमपेठेतून मनीषनगरला हललं. शाळा बदलली, तसं पथकही बदललं. आठवडाभराने तिच्या आईचा फोन आला, "काकू, पोरीच्या नावे किती जमले होते जी? तेवढे नव्या पथकात पाठवून द्या ना. नाहीतर माझ्याच फोनवर टाका, मी देते तिकडे."

मी वही उघडली. रकान्यावर माझ्याच अक्षरात ‘नावे’ असं लिहिलेलं होतं. खाली तिचं नाव आणि पुढे १,८४०. आई वहीत लिहिलेलंच विचारत होती, आणि तरीही ते १,८४० रुपये तिचे नव्हते. दोन दिवस मी या एका शब्दापाशी अडकले होते. म्हणून ही चर्चा.

आधी ‘नावे’च घेऊ. कीर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची आणि खात्यांची वही, लिहिणाऱ्याच्या लेखी याचा अर्थ पक्का आहे. ‘जमा’ची उलट बाजू ती ‘नावे’. किराणा दुकानात आपण म्हणतो, "आमच्या नावे मांडून ठेवा." म्हणजे उधारी आमच्यावर. या हिशेबाने ‘तिच्या नावे १,८४०’ याचा सरळ अर्थ असा की मुलीकडूनच पथकाला तेवढे येणं आहे! पण तीच आई इच्छापत्राबद्दल बोलताना म्हणेल, "सासऱ्यांनी घर आमच्या नावे केलं." तिथे ‘नावे’ म्हणजे मालकी. दोन्ही वापर जुने आहेत, दोन्ही शुद्ध आहेत. बोलताना फरक क्रियापदाने कळतो. ‘नावे मांडणे’, ‘नावे टाकणे’ म्हणजे उधारी लिहिणं. ‘नावे करणे’ म्हणजे देऊन टाकणं. मी रकान्यात नुसतं ‘नावे’ लिहिलं, क्रियापद गाळलं, आणि प्रत्येक घराने आपल्याला हवं ते जोडून घेतलं. मला स्वतःला तर तिसरंच म्हणायचं होतं. कोणत्या मुलीने किती विक्री केली, एवढीच ती नोंद होती. त्याला ‘नावाने’ चाललं असतं. ‘तिच्या नावाने नोंद’ म्हटलं की मालकीही येत नाही आणि उधारीही येत नाही.

आता दुसरा शब्द, आणि माझ्या मते खरा गुंता इथेच आहे: ‘खरी कमाई’. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना १९५० सालची, आणि खरी कमाई हा तिच्या कामातला ठरलेला उपक्रम. मुलांनी हात पसरायचा नाही, काम करून पैसा उभा करायचा. आपल्याकडच्या शाळांत या नावाने खाऊचे स्टॉल लागतात. कुठे भेळ, कुठे पन्हं, आणि नागपूर म्हटल्यावर तर्री पोहे आलेच. आमच्या मुलींनी इतवारीतून साध्या पणत्या आणून रंगवल्या, चार-चारच्या डब्या केल्या आणि ४० रुपयांना एक अशा विकल्या. या मुलीने एकटीने ४६ डब्या विकल्या. तीन संध्याकाळी ती गोकुळपेठेत आईबरोबर दारोदार फिरली होती. बोटांच्या पेरांत अडकलेला लाल रंग पुढच्या सभेपर्यंत निघाला नव्हता, मी पाहिला आहे.

मराठीत ‘कमाई’ कोणाची असते? ज्याने घाम गाळला त्याची. ‘कष्टाची कमाई’, ‘बापाची कमाई’, ‘आयुष्याची कमाई’. या शब्दाला मालक चिकटूनच येतो. ‘मंडळाची कमाई’ कानाला जरा अडखळते, ‘मंडळाचं उत्पन्न’ बरं वाटतं. मग उपक्रमाचं नाव ‘खरी कमाई’ ठेवायचं, मुलीला दारोदार पाठवायचं आणि शेवटी म्हणायचं की ही तुझी नव्हे, पथकाची. आईला ते पटलं नाही यात तिचा काय दोष? उपक्रमाचं नाव मला बदलायचं नाही. ‘खरी’ या विशेषणात जो प्रामाणिकपणा आहे, तो मुलांना कळतो. पण सोबत एक वाक्य पहिल्या दिवशीच सांगायला हवं, की विक्री तुझ्या नावाने, कमाई पथकाची. ते मी सांगितलं नव्हतं.

विदर्भातल्या मुलांना मुलाचा स्वतःचा पैसा म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्यासाठी इथे ‘बोजारा’ हा शब्द आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी नंदीबैल घेऊन घरोघरी जायचं आणि हातावर पडेल तो बोजारा. तो त्या पोराचा. आई फार तर गुल्लकेत टाकायला लावेल, पण हिशेब मागणार नाही. (इकडे ‘गुल्लक’च म्हणतात, ‘गल्ला’ म्हटलं की दुकानाचा आठवतो.) मुलगी पणत्या घेऊन दारी गेली, तेव्हा तिच्या मनात बोजाऱ्याचंच गणित असणार. दार तेच, हात तोच, पैसाही तसाच हातावर पडलेला.

उलट बाजूला ‘वर्गणी’. महालातून मनीषनगरला राहायला गेलेलं कुणीही जुन्या मंडळाकडे जाऊन म्हणत नाही की माझी गणपतीची वर्गणी परत करा. दिली ती मंडळाची झाली, उरली तर ‘शिल्लक’ म्हणून पुढच्या वर्षात. आमच्याकडे वर्गणीला ‘चंदा’ही सर्रास म्हणतात, अर्थात फरक नाही. पण भिशीतून कुणी उठलं तर? तिथे पैशापैशाचा हिशेब होतो, कारण भिशीत पैसा एकत्र ठेवलेला असतो, एकत्र केलेला नसतो. मी त्या आईला हेच विचारलं, "पणत्यांचे पैसे तुम्ही भिशी धरता की वर्गणी?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं भिशी आहे, काकू."

तिच्या पैशांत एक रक्कम मात्र खरोखर तिची होती. शिबिरासाठी वडिलांनी आधीच भरलेले ७०० रुपये. त्याला आपला शब्द ‘अनामत’. मूळ अरबी अमानत. मराठीत येताना म आणि न यांची अदलाबदल झाली. हिंदीत अजून अमानतच आहे, त्यामुळे आमच्या पथकातल्या हिंदी घरांनाही तो लगेच कळतो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेलं, मागितलं की परत द्यायचं, हा अर्थ त्यात मुळापासून आहे. निवडणुकीतली अनामतसुद्धा जप्त होईपर्यंत उमेदवाराचीच असते. ते ७०० त्याच दिवशी आईला परत दिले, वहीत सही घेतली.

आता त्या १,८४० मध्ये आणखी एक शब्द लपलेला होता. ती ‘विक्री’ होती, ‘बचत’ नव्हे. डबीमागे २२ रुपये पणती, रंग आणि पुठ्ठ्याचे, आणि ते पथकाच्या पैशातून गेले होते. ४६ डब्यांचे १,०१२. उरले ८२८. आईच्या डोक्यात महिनाभर १,८४० हा आकडा बसला होता, तोही माझ्या रकान्यामुळे.

हा प्रश्न फक्त आपल्या भाषेचा नाही. अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट्सची पथकं १९१७ पासून बिस्किटं विकून पैसा उभा करतात, आणि तिथला नियम असा की तो पैसा पथकाचा, एकेका मुलीचा नव्हे. तिथे तो करकायद्याशीही जोडलेला आहे. करमाफी मिळालेल्या संस्थेचा पैसा खासगी फायद्याकडे वळता कामा नये. व्हर्जिनियातल्या जिम्नॅस्टिक्सच्या मुलांच्या पालकसंस्थेने, ज्या घराने जितकी विक्री केली तितकी त्या मुलाच्या फीमधून वजा, अशी पद्धत ठेवली होती. तिची करमाफी गेली आणि २०१३ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, ‘वळते करणे’. कर्जात हप्ता वळता करतात, तशी मुलाची विक्री त्याच्या फीत वळती केली होती. आपले कायदे वेगळे आहेत, पण गफलत तीच. सगळ्यांचं म्हणून मागायचं आणि एकेकाचं म्हणून वापरायचं. पणती घेणाऱ्या बाईने ४० रुपये पथकाला दिले होते, ओळखीच्या मुलीला नव्हेत. तसं नसतं तर तिने पणत्या बाजारातून घेतल्या असत्या.

मग ८२८ चं काय? संघनायिकांसमोर, म्हणजे पथकातल्या छोट्या गटांच्या प्रमुख मुलींसमोर ठेवलं. सगळ्या तेरा-चौदा वर्षांच्या. एकीने ‘परत देऊ’ म्हटलं, दुसरीने लगेच अडवलं, "परत कसं? तिने आपल्याला दिलेच नव्हते." मला त्या वाक्याचं फार कौतुक वाटलं. ‘परत’ला आधी एक ‘देणं’ लागतं. मग ‘भेट’ सुचलं, पण भेट मुलीच्या हातात जाते. शेवटी मी ‘वर्ग करणे’ सुचवलं. बँकेत, सरकारी कचेरीत, रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात नेण्याचा रोजचा शब्द. त्यात मालकी माणसाकडे येत नाही, खात्याकडून खात्याकडे जाते. सगळ्यात धाकटी संघनायिका मात्र विचारत होती, "कोणत्या वर्गाला? आठवीच्या?" शाळेतल्या मुलीला वर्ग म्हणजे खोली, त्यामुळे तिला एका वाक्यात समजवावं लागलं.

तसं करणं आमच्यावर बंधनकारक नव्हतं, आणि प्रत्येक वेळी तसं करूही नये. पथकात पैसा तोकडा असेल तर मागे राहिलेल्या मुलींचं शिबिर आधी. इथे मुलींनी स्वतः ठरवलं, दोन्हीकडे काम गाईडचंच आहे, म्हणून मी मान्य केलं. चेक नव्या पथकाच्या नावाने काढला. कीर्दीत शेवटी असं लिहिलं: ‘पथकाच्या खरी कमाई निधीतून मनीषनगर येथील पथकाच्या निधीत वर्ग, रु. ८२८. संघनायिकांच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे.’ मुलीचं नाव त्या ओळीत नाही. आईला ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "पण तिनं किती विकल्या ते कुठं तरी राहू द्या जी." ते राहिलं आहे, ४६ डब्या, विक्रीच्या वहीत.

यंदाच्या वहीत ‘नावे’ खोडून मी ‘विक्री नोंद’ लिहिलं आहे. अर्थ बरोबर आहे, पण शब्द कोरडा. तीन संध्याकाळी दारोदार फिरलेल्या मुलीला तो वाचून काही वाटणार नाही. ‘हातभार’ सुचतो आहे. त्यात श्रम आहेत, मालकी नाही. तुमच्याकडच्या पथकांत, मंडळांत, सहलीच्या वहीत या रकान्याला काय म्हणतात?