‘छोटी सी बात’: लाजाळू प्रेम की पाठलाग?

बसची रांग: काल आईबरोबर ‘छोटी सी बात’ परत बघितला. बासू चटर्जींचा, सत्तरच्या दशकातला. अमोल पालेकरचा अरुण बसच्या रांगेत विद्या सिन्हाच्या प्रभामागे उभा राहतो. बोलायचं ठरवून येतो, तिने मान वळवली की शब्द घशातच अडकतात. प्रेमात पडला तरी त्याचं ऑफिस सुटत नाही, बस चुकवून चालत नाही. आपल्यासारखाच माणूस. ही गोडी आता कुठे सापडते?

मृण्मयी: मला नाही पटत. कॉलेजात असताना एक मुलगा दोन महिने स्वारगेटपासून माझ्यामागे यायचा. एक अक्षर बोलला नाही. मी एक स्टॉप आधी उतरून वाण्याच्या दुकानात उभी राहायचे, तो जाईपर्यंत. पाठलाग हा कायद्याने वेगळा गुन्हा ठरला २०१३ साली, तोवर सांगणार कोणाला? अरुण गोड वाटतो, कारण गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली आहे.

बसची रांग: तुम्ही सोसलंत ते वाईटच. पण प्रभाला तो मागे येतो हे ठाऊक असतं. मैत्रिणीजवळ ती त्याच्याबद्दल बोलते, तो कधी तोंड उघडतोय याची वाट बघते. घाबरलेली मुलगी अशी नसते.

मृण्मयी: ती वाट बघते, पण हे त्याला कुठे माहीत असतं? तरी तो मागे जातोच ना! आणि खंडाळ्याला अशोककुमारचा कर्नल अरुणला शिकवतो काय, तर त्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या असरानीच्या नागेशवर मात कशी करायची! टेबल टेनिस, बुद्धिबळ, चिनी हॉटेलात काड्यांनी खाणं. प्रभा म्हणजे जिंकायची ढालच झाली.

निशिगंध: मग त्याच दिग्दर्शकाचा ‘रजनीगंधा’ (१९७४) बघा. मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा. इथे मन नायिकेचं, दीपाचं, घोळही दीपाचा. मुंबईत टॅक्सीत जुना मित्र शेजारी बसलाय, वाऱ्याने तिचा पदर त्याच्याकडे उडतो आणि ती त्या पदराकडे बघत राहते. मागे मुकेशचं गाणं. दोघांत हाताचंही अंतर नाही, तरी कोणी कोणाला शिवत नाही. दिल्लीतला पालेकरचा संजय उशिरा येणारा, ऑफिसच्या बढतीचंच बोलणारा, पण निशिगंधाची फुलं आणणारा. दोघांतून निवड तीच करते.

बसची रांग: पदराचा प्रसंग मलाही तितकाच आवडतो. पण अरुणला मी सोडणार नाही. माझे बाबाही असेच, वर्षभर नुसते रांगेत उभे. शेवटी आईनेच विचारलं, “सुट्टे आहेत का?”

मृण्मयी: तुमच्या आईने विचारलं, हे फार आवडलं. ‘रजनीगंधा’ या रविवारी बघते. अरुणबद्दल मात्र मत तेच.